आवाराची साफसफाई : माणूस कसा नेमावा

संस्थेची स्थापना, तिचे देणगीदार आणि शिष्यवृत्ती घेऊन पुढे गेलेली मुले यांविषयी या स्मरणिकेत इतरांनी लिहिले आहेच. चिटणिसांनी आम्हांस मात्र आवाराविषयी लिहावयास सांगितले. विषय ऐकून एकदोन सभासद हसले. पालापाचोळ्यावर काय लिहावयाचे? खराटा घ्यावा, झाडावे, झाले! एके काळी आमचीही समजूत अशीच होती.

प्रथम झाडांविषयी. सुरतेत पानगळ एकदम होत नाही. देशी बदामाची पाने हिवाळा सरता सरता तांबडी होऊन गळतात, कडुनिंब आणि पिंपळ फाल्गुन-चैत्राच्या सुमारास उघडे पडतात, आणि आसोपालव बारा महिने थोडीथोडी पाने टाकीतच असतो. बदामाचे पान चामड्यासारखे जाड. ते पन्हळीच्या तोंडावर बसले की झाकणच होते. कडुनिंबाची पत्ती बारीक. ती जाळीतून आत शिरून नळात थर धरते. मे अखेरपर्यंत हा सगळा पाला कोरडा व हलका असतो. जूनमध्ये पाऊस लागला की तोच पाला भिजून जड होतो, गच्चीवर पाणी तुंबते, भिंतीला ओल धरते आणि कोपऱ्यातल्या ढिगाखाली उंदीर घर करतात.

या शहरातील जाणत्या माणसांना घाणीचा अर्थ समजावून सांगावयास नको. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगची बातमी पसरली आणि लाखो माणसे गाठोडी बांधून शहराबाहेर पडली. आमच्या ओळखीची कितीतरी कुटुंबे तेव्हा खानदेशात परत गेली होती. १९९५ साली महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी सफाईला शिस्त लावली, आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या बरोबरीने देशात पहिली आली. आपल्याला त्याचा अभिमान वाटतो, आणि तो रास्तच आहे. परंतु महापालिकेचा झाडू फाटकापर्यंत येतो. फाटकाच्या आतले आपल्याकडे.

आता आमच्या हातून घडलेली चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आवाराची सफाई आज करू, उद्या करू म्हणता म्हणता ऑगस्ट उजाडला. मागच्या भिंतीशी घोटाभर पाण्यात पाला कुजत होता. समारंभ चार दिवसांवर आला तेव्हा आमची धावपळ सुरू झाली. आम्ही सकाळी कडियानाक्यावर गेलो, जो माणूस सर्वांत कमी मजुरी सांगेल त्याला घेऊन आलो आणि हाती घमेले-फावडे दिले. त्याच्या पायात काही नव्हते, टाचेला भेग होती. दोन दिवसांत त्याने आवार लखलखीत केले. समारंभ उत्तम झाला. पुढच्या आठवड्यात त्याचा सोबती फाटकाशी येऊन उभा राहिला. माणूस तापाने फणफणला होता, पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की उभे राहवेना, डोळे लाल आणि लघवी कमी. आम्ही त्याला घेऊन रुग्णालयात गेलो. केसपेपर लिहिणाऱ्याने नाव विचारले, गाव विचारले. दोन दिवस आम्ही त्याला नुसते "भाई" म्हणून हाक मारीत होतो. नाव आम्हांस सांगता आले नाही. ते सोबत्याने सांगितले.

रोग लेप्टोस्पायरोसिस निघाला. दक्षिण गुजरातेत, म्हणजे सुरत, नवसारी, वलसाड या भागात, हा रोग दर पावसाळ्यात डोके वर काढतो. भाताच्या आणि उसाच्या शेतात चिखलात राबणारे मजूर त्याचे नेहमीचे बळी. उंदीर, गुरे यांच्या मूत्रातून रोगाचे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि कातडीवरील जखमेतून किंवा डोळ्यातोंडातून माणसाच्या शरीरात जातात. लक्षणे बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसू लागतात. त्यामुळे तापाचा आणि त्या सफाईचा संबंध पुष्कळदा कोणाच्या ध्यानातही येत नाही. वेळीच औषध मिळाले तर माणूस बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंड, यकृत व फुप्फुसे यांवर बेतते. आमचा माणूस बरा झाला. औषधाचा खर्च व बुडालेला रोज संस्थेने दिला, त्यात उपकार काही नव्हता. चार दिवस आधी हाच चिखल उपसावयास आमच्यापैकी कोणी उतरले नसते.

तेव्हापासून आम्ही हे काम कोरड्यातच करतो. एकदा होळीनंतर, पिंपळ झडून झाल्यावर, आणि दुसऱ्यांदा मेच्या शेवटच्या आठवड्यात, तेही गच्ची व पन्हळींसकट. पावसाळ्यात ओल्यात काम निघालेच तर गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट व हातमोजे संस्थेने द्यावयाचे, पायाला जखम असेल त्याला त्या दिवशी पाण्यात उतरवावयाचे नाही, आणि प्रतिबंधक गोळी द्यावी की काय हे आधी डॉक्टरांस विचारावयाचे. बुटांविषयी तक्रार येते. "साहेब, पाय उकडतात," असे म्हणून भाई ते काढून ठेवतात. तेव्हा कोणीतरी सावलीत उभे राहून पाहावे लागते, आणि मध्येच चहा द्यावा लागतो. जुना ढीग हाताने उचलू देऊ नये. आधी दाताळ्याने लांबून ओढावा. त्यात विंचू असतो, क्वचित सापही.

माणूस कोणता नेमावा? नाक्यावरचा मजूर कष्टाला कमी नसतो, परंतु कोणत्या फांदीला हात लावावा हे त्याला ठाऊक असेलच असे नाही. आपल्याच वस्तीत बागांचे काम करणारा माळी असतो. तो थोडी अधिक मजुरी घेतो, पण वाळलेली फांदी आणि निजलेली फांदी त्याला ओळखता येते. आमचे मत असे की एक माळी आणि त्याच्या हाताखाली दोन मजूर, ही जोडी सर्वांत चांगली. काम उक्ते देऊ नये. उक्ते दिले की पाला भिंतीपलीकडे शेजाऱ्याच्या हद्दीत जातो. हा अनुभव आम्ही दोन्ही बाजूंनी घेतला आहे. रोजावर द्यावे, किमान वेतनाखाली जाऊ नये, आणि पैसे त्याच संध्याकाळी हातात द्यावे. पाला कोठे टाकावयाचा, दाताळे-कोयता कोणाचा, गच्ची धरली की नाही, हे सकाळीच बोलून घ्यावे. तारेला टेकलेल्या फांदीला माळ्याने हात लावू नये. वीज कंपनीला कळवावे. झाड तोडावयाचे असेल तर आधी महापालिकेच्या उद्यान खात्यात विचारावे. आणि "आलाच आहेस तर मैल्याच्या टाकीत उतरून बघ" असे कोणाही माणसास कदापि सांगू नये. २०१३ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि टाकीतील वायूने माणूस मिनिटांत जातो.

जाळण्याचा मोह पुष्कळांना होतो. अब्बांच्या वेळी आमच्याही दारात संध्याकाळी पाला पेटत असे. अर्धओला पाला जळत नाही, नुसता धुमसतो, आणि त्याचा धूर लहान मुलांच्या व दमेकऱ्यांच्या छातीत जातो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५,००० रुपये भरपाई ठरविली.

त्याऐवजी खड्डा करावा. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी पालापाचोळा, काडीकचरा व शेण यांचे थर रचून खत करण्याची पद्धत बसविली, आणि त्यांचे पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले. कोरड्या पानांत कार्बन पुष्कळ आणि नत्र थोडे; म्हणून नुसती पाने वर्षभर तशीच पडून राहतात. शेण किंवा स्वयंपाकघरातील भाजीची देठे-साले मिसळली, ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओला ठेवला आणि दर पंधरवड्याला परतला, तर तीन-चार महिन्यांत खत तयार होते. बदामाची पाने मात्र आधी चुरून घ्यावी.

आवाराच्या मागील बाजूस असे दोन खड्डे आहेत. कामावर येणाऱ्या माणसाचे नाव, गाव, दूरध्वनी क्रमांक व दिलेली मजुरी लिहिण्याची वही पहारेकऱ्याच्या खोलीत ठेवली आहे. ज्याचे नाव आम्हांस सांगता आले नव्हते, त्याचे नाव तिच्या पहिल्या ओळीवर आहे. तो आता माळ्याच्या हाताखाली दोन्ही वेळेस येतो. मेमधील सफाईच्या दिवशी जुना खड्डा उपसला जातो. ज्या सभासदांना कुंड्यांसाठी खत हवे असेल त्यांनी दुपारच्या आत पिशवी घेऊन यावे.