मनगटातला उलटा स्नायू

अंगठा करंगळीला टेकवून मनगट किंचित आत वाकवा. बहुतेकांच्या मनगटावर मधोमध एक ताठ पट्टा उठून दिसतो. पुष्कळांना ती शीर वाटते, पण तो पाल्मारिस लाँगस या स्नायूचा कंडरा (स्नायूचं चिवट, दोरीवजा टोक) असतो. काहींच्या हातात हा स्नायू जन्मतःच नसतो आणि त्यांचं काहीही अडत नाही.

या स्नायूचा मांसल भाग एरवी कोपराकडे असतो आणि कंडरा मनगटाकडे. क्वचित ही रचना उलटी असते आणि मांसल भाग मनगटाशी येतो. मापाच्या बांगडीखाली रुमालाची घडी सरकवावी, तसं तिथं आवळतं. हाताचं काम वाढलं की स्नायू फुगतो आणि कधी कधी मध्यवर्ती नस (मीडियन नर्व्ह, म्हणजे चेता; रक्तवाहिनी नव्हे) दाबली जाते. तेव्हा मनगट दुखतं, अंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येतात.

हा फुगवटा पाहून माणसं गाठ समजून हबकतात. ती भीती समजण्यासारखी आहे, पण हा रोग नव्हे, जन्मजात वेगळेपण आहे. अनेकांना त्याचा आयुष्यभर त्रासही होत नाही. मनगट वाकवताना फुगवटा कडक आणि सैल सोडल्यावर मऊ होत असेल, तर तो स्नायू असण्याची शक्यता असते. खात्री मात्र सोनोग्राफी किंवा एमआरआयनेच करावी. त्रास होत असेल, तर बहुधा विश्रांती आणि मनगटाला आधार देणारा पट्टा आधी सुचवला जातो. नसेवरचा दाब टिकूनच राहिला, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.