पुढची तबकडी कोणती?

मेडशीत ट्रम्पेट वाजतो तो लग्नसराईत. अकोल्याहून पातूर ओलांडून मालेगाव-वाशिमकडे जाणाऱ्या रस्त्यावर वरात लागली, की बँडवाल्यांत एक ट्रम्पेट, एक क्लॅरिनेट आणि नशीब असलं तर एखादा जुना सॅक्सोफोन दिसतोच. जॅझला आपण उगाच पंचतारांकित हॉटेलातलं साहेबी संगीत समजून बसलोय. त्याचा जन्म असाच रस्त्यावरचा. अमेरिकेच्या दक्षिणेला न्यू ऑर्लिन्स शहरात कृष्णवर्णीयांची बँडपथकं मिरवणुकीत वाजवायची आणि अंत्ययात्रेतही वाजवायची. स्मशानाकडे जाताना संथ, परतताना नाचरं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॅझ घडलं त्यात या पथकांचा वाटा मोठा. तेव्हा वाद्यांशी आपली ओळख आहे. गाडी अडते ती पुढे.

कोणीतरी सांगतं, माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ ऐकून बघ. मोबाइलवर तो अल्बम सापडतो, आवडतोही. मग काय? ॲप आपल्या परीने सुचवतं: पावसाच्या आवाजातलं जॅझ, अभ्यासाचं जॅझ, कॉफीचं जॅझ. तीन-तीन तास चालणारं, आणि वाजवलंय कोणी याचा पत्ता नाही. दुसरीकडे ‘मरण्यापूर्वी ऐकायलाच हवेत असे शंभर अल्बम’ छापाच्या याद्या. यादीने नावं पाठ होतात, कान तयार होत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की अल्बमच्या मागच्या बाजूला छापलेली साथीदारांची नावं वाचावीत. पुढचा अल्बम बहुतेक वेळा त्यांतल्याच एकाच्या नावावर असतो. गवई म्हटला की आपण त्याची तालीम कोणाकडे झाली ते विचारतो. जॅझमध्ये विचारायचं, हा कोणाकोणाबरोबर वाजवत होता?

हे मुंबईपासूनच करून बघता येतं. १९५१ चा ‘अलबेला’ घ्या. नायक-दिग्दर्शक भगवानदादा, संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. त्या गाण्यांत जो झणझणीत ट्रम्पेट आहे तो चिक चॉकलेटचा. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे. सिनेमात तो आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतो. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवलं जायचं. ती पोरं पोटासाठी मुंबईला आली आणि रात्री हॉटेलात जॅझ, दिवसा स्टुडिओत सिनेमा अशी दुहेरी नोकरी करू लागली. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा संच आला होता. त्याच्या मागोमाग आलेला पियानोवादक टेडी वेदरफर्ड तर भारतातच राहिला आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात पटकीने वारला. या मंडळींना ऐकत, त्यांच्या शेजारी बसून वाजवत गोव्याचे वादक तयार झाले. चिक चॉकलेटला लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. म्हणजे पुढचं नाव हाताशी आलंच: लुई आर्मस्ट्राँग.

त्याचे ‘हॉट फाइव्ह’ आणि ‘हॉट सेव्हन’ या संचांबरोबरचे १९२५ ते १९२८ चे तुकडे ऐकावेत. हे अल्बम नव्हेत. तेव्हाच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची आणि काय सांगायचं ते त्या तीन मिनिटांत सांगून मोकळं व्हावं लागे. आपल्या गवयांनाही याच चिमटीत राग बसवावा लागला होता. गंमत अशी, की १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट सेव्हन’चं ‘मेलँकली ब्ल्यूज’ही आहे. दोघांना एकापाठोपाठ ऐकून बघा. तीन-साडेतीन मिनिटांत दम न कोंडता कसं गावं-वाजवावं, याचा तो वस्तुपाठ आहे.

१९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने लाँग प्ले तबकडी बाजारात आणली. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली आणि वादकाला बैठक मारता आली. आपण ज्यांना अभिजात जॅझ अल्बम म्हणतो ते बहुतेक यानंतरच्या वीसेक वर्षांतले.

आता ‘काइंड ऑफ ब्लू’. हा अल्बम न्यूयॉर्कमध्ये १९५९ च्या २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झाला. ट्रम्पेट माइल्स डेव्हिस, टेनर सॅक्सोफोन जॉन कोल्ट्रेन, अल्टो सॅक्सोफोन कॅननबॉल ॲडर्ली, पियानो बिल एव्हान्स (एका तुकड्यात विंटन केली), बास पॉल चेंबर्स, ड्रम जिमी कॉब. ही सात नावं लिहून ठेवा, पुढच्या वर्षभराची सोय झाली.

त्यातला पहिला तुकडा ‘सो व्हॉट’ आपल्या कानाला परका वाटायचं कारण नाही. त्याची स्वरपट्टी म्हणजे सरळ काफी थाट: गंधार कोमल, निषाद कोमल, बाकी शुद्ध. आवर्तन मोठं आहे, एकशे अठ्ठावीस मात्रांचं. पहिल्या चौसष्ट मात्रा एका षड्जावरचा काफी. मग बत्तीस मात्रा तोच काफी, पण षड्ज अर्ध्या स्वराने वर सरकलेला. शेवटच्या बत्तीस मात्रा पुन्हा मूळ जागी. आपल्याकडे तानपुऱ्याने षड्ज खुंटीला बांधलेला असतो, त्यामुळे तो सरकला की आपल्यासारख्यांना जरा दचकायला होतं. तेवढं दचकणं अंगवळणी पडलं की निम्मं काम झालं. आधी बासवर धून, मग त्याच आवर्तनावर एकेकाची बढत: ट्रम्पेट, टेनर, अल्टो, पियानो. शेवटी पुन्हा धून. बहुतेक जॅझ याच घडणीचं असतं. बढतीत कोण किती वेळ राहतो आणि कसा उतरतो, ते ऐकायचं.

एक सूचना मात्र आग्रहाने करतो. हा तुकडा मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. इथली धून बास वाजवतो आणि बासचा सर्वांत खालचा सूर सेकंदाला एक्केचाळीस कंपनांच्या आसपासचा. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला तो झेपत नाही. मग धून गायब, नुसते मध्ये मध्ये येणारे जबाब ऐकू येतात आणि माणूस म्हणतो, यात काय आहे? साधे कानात घालायचे हेडफोन चालतील. आणखी एक: पहिल्या बाजूचे तीनही तुकडे मूळ तबकडीवर किंचित चढे होते, कारण त्या दिवशीचं ध्वनिमुद्रणाचं यंत्र जरा हळू चाललं होतं. पुढे १९९० च्या दशकात नव्या आवृत्त्यांमध्ये ते दुरुस्त झालं. म्हणजे जगभरच्या लोकांनी तीसेक वर्षं ते चढ्या सुरातच डोक्यावर घेतलं होतं. सुराबद्दल फार काटेकोर असलेल्या मित्रांना हे मुद्दाम सांगावं.

आता फाटे फुटतात. कॅननबॉल ॲडर्ली आवडला असेल तर १९५८ चा त्याचा ‘समथिंग एल्स’. त्यात माइल्स डेव्हिस स्वतः साथीला बसलाय, ही त्याच्या बाबतीत दुर्मीळ गोष्ट. ड्रमवर आर्ट ब्लेकी आहे. त्याला धरून त्याच वर्षी मुद्रित झालेल्या ‘मोनिन्’वर या. चर्चमधली साद-पडसाद, टाळ्यांचा ठेका, घरातल्या न ऐकणाऱ्यांचेही पाय हलतात. नवख्याने दुसरा अल्बम हाच घ्यावा, असं माझं मत आहे. तिथला ट्रम्पेटवाला ली मॉर्गन. तोच एकोणीस वर्षांचा असताना, १९५७ मध्ये, कोल्ट्रेनच्या ‘ब्लू ट्रेन’वर वाजवून गेलाय, बासवर तिथेही पॉल चेंबर्स. बिल एव्हान्सचा फाटा शांत आहे: ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’, २५ जून १९६१, तिघांचा संच. त्यातला बासवादक स्कॉट लफारो त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत मोटार अपघातात गेला. ते माहीत नसतानाच हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तर जास्त चांगलं, पण आता मी सांगून बसलोय.

कोल्ट्रेनच्या बाबतीत क्रम पाळावा. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या दुसऱ्या बैठकीनंतर तेराव्या दिवशी, ५ मे १९५९ ला, त्याने ‘जायंट स्टेप्स’ मुद्रित केलं, आणि ते अगदी उलट टोकाचं आहे. तिकडे एका पट्टीवर निवांत मुक्काम, इकडे दर दोन मात्रांना जमीन पायाखालून सरकते. पियानोवर टॉमी फ्लॅनगन होता, चांगला कसलेला. पण स्वतःच्या बढतीत तोही चाचपडतो आणि ते तसंच तबकडीवर आहे. साथीदाराचीच ही अवस्था, तर आपण हा अल्बम दुसऱ्या नंबरला ऐकून जॅझ सोडून द्यायला नको. आधी १९६१ चा ‘माय फेव्हरिट थिंग्ज’: सोप्रानो सॅक्सोफोन, एकाच पट्टीवर लांबवर घोळत राहणारी बढत. मग ‘अ लव्ह सुप्रीम’. ९ डिसेंबर १९६४ ला मुद्रित झालेला, चार भागांचा. शेवटच्या भागात कोल्ट्रेनने स्वतः लिहिलेली प्रार्थना सॅक्सोफोनवर अक्षरागणिक वाजवली आहे. शब्द आवरणावर छापले होते, तोंडाने एकही उच्चारलेला नाही. हिंदुस्थानी संगीताचं त्याला वेड होतं. १९६५ मध्ये मुलगा झाला तेव्हा त्याने नाव ठेवलं रवी, रविशंकरांवरून.

१९५९ हे वर्षच विलक्षण होतं. डेव्ह ब्रूबेकचा ‘टाइम आउट’ त्याच वर्षीचा. ब्रूबेक आदल्या वर्षी अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर तुर्कस्तानमार्गे भारतात आला होता आणि मुंबईत सतारिये उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवूनही गेला होता. या अल्बममधलं ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांचं, तीन अधिक दोन. अर्धा झपताल उलटा करून टाळी दिलीत की बसेल. जाणकार याला सोपा म्हणून नाकं मुरडतात. मुरडू देत.

आणि त्याच वर्षीचा ऑर्नेट कोलमनचा ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’. यात पियानोच नाही. मागे सूर धरून ठेवणारं कोणी नसल्यामुळे वादक हवा तिकडे जातात. पहिल्या ऐकण्यात बेसूर वाटेल. ‘लोन्ली वुमन’ हा पहिला तुकडा तेवढा चार-पाच वेळा ऐका: खाली ड्रम धावतात आणि वर धून विलापासारखी रेंगाळते. कोलमनच्या बरोबरीने कॉर्नेट वाजवणाऱ्याचं नाव डॉन चेरी.

या डॉन चेरीला धरलं की माणूस घरी येतो. १९८८ चा ‘उस्फ्रेत’ हा अल्बम मुंबईच्या त्रिलोक गुर्टूचा. तबला, ड्रम आणि बादलीतलं पाणीसुद्धा वाजवणारा हा गडी. ट्रम्पेटवर डॉन चेरी, व्हायोलिनवर एल. शंकर, गिटारवर राल्फ टाउनर आणि गळा शोभा गुर्टूंचा. बेळगावच्या भानुमती शिरोडकर, लग्नानंतर शोभा गुर्टू, ठुमरी-दादऱ्याच्या आपल्या शोभाताई. त्रिलोक त्यांचा मुलगा. अमेरिकेतल्या स्टुडिओतून निघालेली साथीदारांची साखळी शोभाताईंपर्यंत येते, हे कुठलंही ॲप तुम्हाला सांगणार नाही. जॅझच्या मंडळींत ‘उस्फ्रेत’चं नाव अभिजात अल्बमांच्या पंक्तीत सहसा घेतलं जात नाही. मी घेतो. अमेरिकन वादकांनी वरवर शिंपडलेला भारत आपण पुष्कळ ऐकलाय. इथे घरचा माणूस यजमान आहे आणि ते कळतं.

इथून दोन वाटा. टाउनरच्या नावावरून ‘ओरेगॉन’ या संचाकडे जाता येतं. त्यातला कॉलिन वॉलकॉट १९८४ मध्ये अपघातात गेल्यावर ती जागा पुढे त्रिलोकने घेतली. १९८७ चा ‘इकोटोपिया’ ऐका. दुसरी वाट वॉलकॉटची स्वतःची. हा अमेरिकन माणूस सतार रविशंकरांकडे आणि तबला अल्लारखाँकडे शिकला होता. १९७९ मध्ये त्याने, आपल्या डॉन चेरीने आणि ब्राझीलच्या एका वादकाने मिळून एक अल्बम काढला. नाव ‘कोडोना’: कॉलिनचा ‘को’, डॉनचा ‘डो’ आणि तिसऱ्याचा ‘ना’. तिसरा म्हणजे नाना व्हास्कोन्सेलोस. धनुष्याला भोपळा बांधावा असं दिसणारं बेरिंबाऊ नावाचं एकतारी वाद्य तो वाजवायचा. माझं सध्या त्याच्यावर चाललंय.