बाजारातील हिशेब व पाटीवरील गणित

आठवड्याच्या बाजारात भाजी विकावयास बसणारा मुलगा गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी व बिनचूक करतो. तोच मुलगा वर्गात साध्या भागाकारापुढे निरुत्तर होतो आणि त्याच्या नावापुढे ‘मंद’ असा शेरा पडतो. हा शेरा कितपत न्याय्य आहे, याचा विचार करावयास लावणारे संशोधन २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अर्थशास्त्राच्या २०१९ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो, मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांचे सहकारी यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांची पाहणी केली.

जवळजवळ सर्वच मुलांचे व्यवहारातील हिशेब बरोबर निघाले. काल्पनिक सौदा सांगितला, तरी तोही त्यांना सोडविता आला. परंतु तितकेच, किंबहुना त्याहून सोपे उदाहरण शालेय पद्धतीने निव्वळ आकड्यांत मांडताच ती अडखळली. दर पाठ असतात किंवा शेजारचा दुकानदार मदत करतो, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. संशोधकांनी ती तपासली व ती टिकली नाही.

अशा हिशेबाची रीत पाहण्यासारखी असते. अठरा रुपयांप्रमाणे सात जुड्या घेतल्या, तर विकणारा वीसप्रमाणे १४० धरतो, त्यातून १४ वजा करून १२६ सांगतो व दोनशेच्या नोटेतून ७४ परत देतो. येथे हातचा कोठेच नाही, पण गुणाकाराचे वितरण पुरेपूर आहे.

याच्या उलट, बाजाराचा अनुभव नसलेली जवळच्या शाळांतील ४७१ मुले कोऱ्या उदाहरणांत सरस ठरली. तथापि काम करणाऱ्या मुलांपैकी एकतृतीयांशाहून अधिकांनी सोडविलेले बाजारी उदाहरण त्यांच्यापैकी अवघ्या एक टक्का मुलांना सुटले. म्हणजे दोष एकाच बाजूचा नव्हे. ब्राझीलमधील रेसिफे शहरातील, १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या, अवघ्या पाच मुलांच्या अभ्यासातही व्यवहारात सुमारे ९८ टक्के, तर निव्वळ आकड्यांच्या लेखी उदाहरणांत सुमारे ३७ टक्के उत्तरे बरोबर आली होती.

पूर्वीच्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी घोकून घेत. त्यांत बाजार व शाळा यांचा काही मेळ होता खरा. मात्र केवळ घोकंपट्टीने हे कौशल्य येते, असे या संशोधनावरून म्हणता येत नाही. संशोधकांचा भर या दोन गणितांना जोडणाऱ्या अभ्यासक्रमावर आहे. वर्गात त्याचा आरंभ करावयाचा, तर उदाहरण प्रथम वस्तू व पैसे यांच्या भाषेत तोंडी घालावे, मुलाने उत्तर कसे काढले ते त्याच्याकडूनच वदवून घ्यावे आणि ती रीत फळ्यावर लेखी रीतीच्या शेजारी मांडावी.