नियोजन आयोग, भारतीय

भारतातील भौतिक, आर्थिक व मानवी साधनसंपत्तीचे मोजमाप करणे आणि तिच्या समतोल व परिणामकारक विनियोगाची योजना आखणे, यांसाठी १५ मार्च १९५० च्या शासकीय ठरावान्वये स्थापन झालेली सल्लागार संस्था. तिला संविधानाचा किंवा संसदेच्या कायद्याचा आधार नव्हता, तरीही सु. ६४ वर्षे राज्यांच्या विकासखर्चाचे स्वरूप बव्हंशी तिच्या निर्णयांवर अवलंबून राहिले. तिच्याविषयीच्या बहुतेक वादांचे मूळ या विसंगतीत आढळते.

नियोजनाची कल्पना स्वातंत्र्यापूर्वीची आहे. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ मध्ये पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमली. १९४४ मध्ये काही उद्योगपतींनी मांडलेली ‘मुंबई योजना’ बरीच गाजली. त्याच वर्षी ब्रिटिश शासनाने नियोजन व विकास खाते उघडले आणि त्या योजनेचे एक सहीकार सर आर्देशीर दलाल यांच्याकडे ते सोपविले. १९४६ मध्ये के. सी. नियोगी यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार मंडळाने स्वतंत्र आयोगाची शिफारस केली.

आयोगाचे अध्यक्षपद पंतप्रधानांकडे ठेवण्यात आले. पहिल्या सदस्यांत चिंतामणराव देशमुख व रा. कृ. पाटील हे होते. तत्कालीन अर्थमंत्री जॉन मथाई यांना मात्र हा आयोग म्हणजे समांतर मंत्रिमंडळच वाटले व त्यांनी १९५० मध्ये राजीनामा दिला. मथाई हे स्वतः मुंबई योजनेचे सहीकार होते. तेव्हा त्यांचा विरोध नियोजनाला नसून अधिकारांच्या सरमिसळीला होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्यांच्यानंतर अर्थखाते देशमुखांकडेच आले.

पहिल्या योजनेत (१९५१–५६) शेती व पाटबंधारे यांना अग्रक्रम मिळाला. दुसरीत प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या प्रतिमानानुसार अवजड उद्योगांवर भर देण्यात आला. बी. आर. शेणॉय यांनी तुटीच्या अर्थभरणाविरुद्ध भिन्नमतपत्रिका जोडली, तर मुंबईच्या सी. एन. वकील व पी. आर. ब्रह्मानंद यांनी अन्नवस्त्रादी वेतनवस्तूंच्या उत्पादनाला अग्रक्रम देण्याचा पर्याय सुचविला. पुढील अन्नटंचाई पाहता या आक्षेपांची उपेक्षा महागात पडली, असे म्हणण्यास जागा आहे. युद्धे, अवर्षण व रुपयाचे अवमूल्यन यांमुळे १९६६ ते १९६९ या काळात पंचवार्षिक योजना स्थगित ठेवून वार्षिक योजनांवर काम भागवावे लागले.

केंद्रीय साहाय्य कोणत्या राज्याला किती द्यावे, यास प्रारंभी निश्चित निकष नव्हता. दिल्लीत ज्याचे वजन अधिक त्याला झुकते माप मिळते, अशी राज्यांची तक्रार असे. धनंजयराव गाडगीळ उपाध्यक्ष असताना (१९६७–७१) त्यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र १९६९ मध्ये स्वीकारण्यात आले. आसाम, नागालँड व जम्मू-काश्मीर यांच्या गरजा प्रथम भागवून उरलेल्या रकमेपैकी ६० टक्के लोकसंख्येनुसार आणि प्रत्येकी १० टक्के दरडोई उत्पन्नातील उणीव, करप्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीजप्रकल्प आणि राज्यांच्या विशेष समस्या यांनुसार वाटावे, असे ते सूत्र होते. त्यामुळे मर्जीच्या जागी गणित आले. तथापि मागास राज्यांना त्यातील १० टक्क्यांचा वाटा अपुरा वाटे. केंद्रपुरस्कृत योजनांचा पैसाही या सूत्राबाहेरच राहिला.

१९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणात आयोगाचे नियंत्रक स्वरूप क्षीण होत गेले. बारावी योजना (२०१२–१७) अखेरची ठरली. आयोग बरखास्त करण्याचा मनोदय पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १५ ऑगस्ट २०१४ रोजी जाहीर केला आणि १ जानेवारी २०१५ रोजी नीती आयोग अस्तित्वात आला. तोही शासकीय ठरावानेच स्थापन झाला. मात्र निधिवाटपाचे काम त्याच्याकडे न देता अर्थ मंत्रालयाकडे सोपविण्यात आले.