एका अक्षराचे मोल

भिवंडीजवळच्या ठाणे शहरात बेने इस्रायल समाजाचे 'शाआर हाशामाईम', म्हणजे 'स्वर्गद्वार', हे प्रार्थनामंदिर आहे. ते १८७९ साली बांधले गेले. शतकानुशतके कोकणात राहिलेल्या या ज्यू समाजाची मातृभाषा मराठी. पूर्वी हे लोक तेल गाळीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्या प्रार्थनेची भाषा मात्र हिब्रू. ती मुलांना शिकविता यावी म्हणून हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत शाळा काढली. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. तरी काही आजही येथे आहेत.

प्रार्थनामंदिरातील सर्वांत पवित्र वस्तू म्हणजे तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी. ती छापील चालत नाही, हातानेच लिहावी लागते. असे लेखन करणाऱ्यास 'सोफेर' म्हणतात.

सोफेर होऊ इच्छिणारा प्रथम गुरूजवळ बसून अक्षरांची वळणे व लेखनाचे नियम शिकतो. शुद्ध मानलेल्या जनावराचे चर्मपत्र, पिसाची किंवा बोरूची लेखणी आणि मायफळ, हिराकस व डिंक यांची काळी शाई, ही त्याची साधने. चर्मपत्रावर तो शाईवाचून रेघा ओढतो. मराठी अक्षरांप्रमाणेच ही अक्षरेही रेषेखाली लोंबतात. मात्र लेखन उजवीकडून डावीकडे चालते. पाठ असले तरी आठवणीने लिहावयाचे नाही. आदर्श प्रतीत पाहून, शब्द मोठ्याने उच्चारून मगच तो लिहावयाचा. एक अक्षर दुसऱ्यास चिकटता कामा नये. तोरात ३,०४,८०५ अक्षरे असतात. त्यांतील एक गळले तरी गुंडाळी वाचनास अयोग्य ठरते.

एवढी काटेकोर दक्षता कशासाठी? मराठीत 'घन' आणि 'धन' यांत किती थोडा फरक आहे! हिब्रूतही 'एहाद' म्हणजे 'एक' आणि 'अहेर' म्हणजे 'दुसरा'. या शब्दांची शेवटची अक्षरे दिसण्यात जवळजवळ सारखीच आहेत. एक कोपरा चुकला, तर 'ईश्वर एक आहे' या वचनाचा अर्थच पालटतो.

साधी चूक खरवडून सुधारता येते. ईश्वराचे नाव मात्र खोडता येत नाही. ते चुकल्यास ते पान बाजूला काढून पुढे भूमीत पुरतात.

एखाद्या अक्षराविषयी शंका आली, तर निर्णय कोणी द्यावा? अशा वेळी अक्षरओळख असलेल्या, पण संदर्भावरून अर्थ न ताडणाऱ्या लहान मुलास बोलावतात. त्याने बरोबर वाचले, तर अक्षर ग्राह्य. विद्वान मनाने चूक भरून काढतो. मूल जे दिसते तेच सांगते.

घराच्या दारचौकटीवर लावावयाच्या मेझुझात ७१३ अक्षरे असतात. ते गुंडाळून डबीत ठेवतात. जाणारे-येणारे केवळ डबीस हात लावून नमन करतात. आतील लेखन कोणी रोज पाहत नाही. म्हणूनच सोफेर शिष्याला वळणाबरोबर प्रामाणिकपणाही शिकवितो.