हाताने फोकस करायची प्राइम लेन्स : गैरसमज आणि वस्तुस्थिती

समोरच्या माणसाचा डोळा कॅमेऱ्याने आपण होऊन ओळखावा, त्यावर फोकस बांधावा आणि तो माणूस धावू लागला तरी सुटू देऊ नये, इतकी मजल यंत्राने मारलेली असताना, जिचे नाभीय अंतर एकच आहे आणि जिची फोकसची रिंग हाताने फिरवल्यावाचून गत्यंतर नाही अशी प्राइम लेन्स कोणी मुद्दाम पैसे मोजून घेतो, तेव्हा पाहणाऱ्यांस हा जुन्या वस्तूंचा शौक तरी वाटतो किंवा काटकसर तरी. दोहोंत थोडे तथ्य आहे, पण मूळ कारण त्यांत नाही. चित्रातील कोणती वस्तू स्पष्ट असावी, हा निर्णय शटर दाबण्यापूर्वी आणि स्वतःच्या हाताने करण्याची सवय ही लेन्स लावते. तिचे खरे आकर्षण माझ्या मते एवढेच आहे, आणि ते लहान नाही. तिच्याभोवती जमलेल्या समजुती मात्र विरोधकांच्या तशाच कैवाऱ्यांच्याही तपासून घेण्यासारख्या आहेत.

पहिला आणि सर्वांत रूढ आक्षेप मंदपणाचा. ऑटोफोकसचा पहिला घाऊक उत्पादनाचा कॅमेरा, कोनिका सी३५ एएफ, १९७७ साली आला आणि १९८५ च्या मिनोल्टा ७००० नंतर एसएलआर कॅमेऱ्यांत ती सोय रुळली. म्हणजे त्यापूर्वीचे सारे वृत्तछायाचित्रण हाताच्या फोकसवरच झाले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी स्पीड ग्राफिक आणि रोलिफ्लेक्स या कॅमेऱ्यांनी स्वातंत्र्याच्या उदयकाळाची दिल्ली टिपली. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी लायका कॅमेरा आणि बहुतांशी ५० मिमीची एकच लेन्स एवढ्या सरंजामावर आयुष्यभर काम केले. क्षण हुकू नये म्हणून त्या पिढीने केलेली तजवीज लेन्सच्या नळीवरच कोरलेली असे. अंतराच्या आकड्यांशेजारी ॲपर्चरच्या आकड्यांच्या जोड्या दोन्ही बाजूंस मांडलेल्या असत, आणि कोठपासून कोठपर्यंतचे दृश्य स्पष्ट येईल ते त्यांवरून डोळा कॅमेऱ्याला न लावताही वाचता येई. ३५ मिमीची लेन्स एफ-८ वर ठेवून अंतर सुमारे ५ मीटरवर बांधले, तर सुमारे अडीच मीटरांपासून थेट क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. मग रस्त्यावर कोणी समोर आला तर फोकस करण्याचे कामच उरत नाही, केवळ शटर दाबायचे. आधीच बांधून ठेवलेल्या फोकसपेक्षा शीघ्र असे कोणतेही यंत्र असू शकत नाही. लेन्सवरचे हे अंतरांचे कोष्टक मात्र फिल्मवरून काढलेल्या बेताच्या आकाराच्या प्रिंटसाठी ठरवलेले आहे. आजच्या दाट संवेदकावरील चित्र पडद्यावर पूर्ण मोठे करून पाहणाऱ्याने ॲपर्चर आणखी एक-दोन पायऱ्या बारीक करावे, हे बरे.

परंतु याचा अर्थ हात यंत्रास सर्वत्र भारी पडतो असा नव्हे, आणि येथे कैवाऱ्यांची अतिशयोक्ती सोडून दिली पाहिजे. ५० मिमीची लेन्स एफ-१.४ वर पूर्ण उघडून एक मीटरवरच्या चेहऱ्याकडे रोखली, तर स्पष्टतेची खोली अवघी तीन सेंटिमीटरच्या आसपास उरते. मुलाने मान हलवली की डोळ्यावरचा फोकस कानावर जातो. अशा वेळी, तसेच मैदानी खेळांत किंवा उडत्या पक्ष्यांच्या बाबतीत, आजचा ऑटोफोकस निर्विवाद सरस आहे.

हौशी लोक एकदा प्रयत्न करून ही लेन्स कायमची कपाटात टाकतात आणि दोष आपल्या दृष्टीला देतात. दोष बहुधा दृष्टीचा नसतो. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांच्या फोकसिंग स्क्रीनमध्ये मध्यभागी दुभंगलेली प्रतिमा दिसे आणि फोकस बरोबर झाला की तिचे दोन तुकडे जुळत. ऑटोफोकस आल्यावर ही स्क्रीन उजळ दिसावी अशा बेताने बदलण्यात आली, तिच्यातून मोठ्या ॲपर्चरचा खरा उथळपणा डोळ्यांना दिसेनासा झाला, आणि सबब एफ-१.४ ची लेन्स तिच्यातून अचूक जुळवणे तरुण डोळ्यांनाही कठीण झाले. मिररलेस कॅमेऱ्यांनी ही अडचण दूर केली आहे : त्यांत प्रतिमेचा हवा तो भाग मोठा करून पाहता येतो, आणि स्पष्ट कडांना रंग देणारी पीकिंगची सोयही असते.

आता ‘पायांनी झूम करा’ हा उपदेश. प्राइम लेन्सच्या प्रत्येक चाहत्याच्या तोंडी तो असतो आणि वस्तुस्थितीला धरून नसतो. देवळासमोर उभे राहून दहा मीटरांवरची दीपमाळ आणि पन्नास मीटरांवरचे शिखर एका चौकटीत घेतले आहे असे धरू. झूम फिरवला तर दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतील. त्याऐवजी पाच मीटर पुढे चालत गेलो, तर दीपमाळ दुप्पट मोठी होईल आणि शिखर जेमतेम एक-नवमांशाने. म्हणजे चित्रातील वस्तूंचे परस्परांशी असलेले नातेच पालटेल. हे नाते ठरते ते आपण कोठे उभे आहोत त्यावरून. लेन्स फक्त त्यातील किती भाग चौकटीत घ्यायचा तेवढे ठरवते. तेव्हा चालणे हा झूमचा पर्याय नव्हेच. प्राइम लेन्सचा लाभ असा की, चौकट बदलण्याची दुसरी मुभा नसल्यामुळे उभे राहण्याची जागा शोधणे भाग पडते, आणि परिप्रेक्ष्य म्हणजे काय ते पुस्तकाऐवजी पायांना कळते.

५० मिमीची लेन्स मानवी डोळ्यासारखेच पाहते ही समजूत थोडक्यात निकालात काढता येईल : ३५ मिमी फिल्मच्या चौकटीचा कर्ण सुमारे ४३ मिमी असून त्याच्या जवळपासचे नाभीय अंतर प्रमाण मानण्याचा प्रघात आहे, इतकेच. त्या चौकटीहून लहान अशा एपीएस-सी संवेदकावर तीच लेन्स ७५ मिमीइतके आकुंचित दृश्य दाखवते.

जुन्या काचेत काही अलौकिक गुण असतो, हा समज अधिक चिवट आहे. सोव्हिएत रशियातील हेलिओस-४४ ही लेन्स झाइसच्या बायोटारवर बेतलेली. तिच्या पार्श्वभूमीतील भोवऱ्यासारखा आभास पुष्कळांना मोहून टाकतो. तो आभास म्हणजे पुरते न सुधारलेले प्रकाशीय दोष आणि कडांजवळ लेन्सच्या नळीने अडवलेला प्रकाश यांचा परिणाम होय. दोष सुंदर दिसू शकतो आणि त्याचा कोणी कलेसाठी उपयोग केला तर तो स्तुत्यच आहे; परंतु अशा बऱ्याच लेन्स पूर्ण उघडल्यावर मऊ चित्र देतात, उजेडाकडे तोंड केले की धूसर होतात, आणि एफ-५.६ ते एफ-८ च्या दरम्यानच आपली खरी योग्यता दाखवतात. शिवाय हाताचा फोकस म्हणजे जुनाच माल असेही नाही. लायकाच्या एम मालिकेतील लेन्स आजही हातानेच जुळवायच्या असतात, आणि त्यांची किंमत पाहता काटकसरीचा प्रश्न उद्भवत नाही. कोसिना कंपनी १९९९ पासून फोइग्टलांडर या नावाने तशाच नव्या लेन्स काढत आहे. चित्रपटांच्या चित्रीकरणात तर फोकस हाताळण्यासाठी आजही स्वतंत्र माणूस नेमलेला असतो.

हाताच्या स्पर्शाला येथे इतके महत्त्व का, याचे उत्तर लेन्सच्या रचनेत आहे. मिररलेसच्या बहुतेक ऑटोफोकस लेन्समध्ये रिंग केवळ मोटरीला हुकूम देते. तिला आरंभ नसतो आणि शेवटही नसतो. जुन्या पद्धतीच्या लेन्समध्ये रिंगेखाली ग्रीस भरलेले धातूचे आटे असतात, प्रत्येक अंतर रिंगेच्या ठराविक स्थानाशी कायमचे बांधलेले असते, आणि म्हणून सरावाने न पाहताही दोन मीटर कोठे आहेत ते बोटांना कळते.

पुष्कळ घरांत वडिलांचा किंवा आजोबांचा फिल्म कॅमेरा अजून पडून असेल. त्याची लेन्स आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर पुष्कळदा लावता येते. उदाहरणार्थ, निकॉनच्या एफ माउंटच्या लेन्सला फिल्मपासून ४६.५ मिमी अंतर लागते आणि निकॉन झेड या मिररलेस कॅमेऱ्यात संवेदकापर्यंत अवघे १६ मिमी; उरलेले अंतर काच नसलेल्या साध्या अडॅप्टर-नळीने भरून निघते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते, यास्तव आधी लेन्स पूर्ण उघडून टॉर्चसमोर धरावी आणि आत कोळिष्टकासारखे धागे दिसतात का ते पाहावे. काच निर्मळ असेल आणि ॲपर्चरची पाती कोरडी असतील, तर तो कॅमेरा भंगारात देऊ नका. लेन्स काढून घ्या, सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात ठेवा, आणि एक पावसाळा उलटण्याच्या आत तिने काही चित्रे काढून पाहा.