चिपाडापासून फिल्म: ताकद आहे, अडचण पाण्याची

बेळगाव, कोल्हापूर, सांगली हा सगळा उसाचा पट्टा. एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो बगॅस, म्हणजे चिपाड, निघतं. त्यात निम्मं पाणी. उरलेल्या कोरड्या मालात ४० टक्क्यांच्या वर सेल्युलोज असतं. या सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरमध्ये मिसळले, तर त्याची पातळ फिल्म चांगलीच मजबूत होते, हे प्रयोगशाळांत दिसून आलंय. मग बाजारात अशी पिशवी का दिसत नाही?

तंतू निघतात कसे?

चिपाड आधी अल्कलीत शिजवून त्यातलं लिग्निन काढतात, मग लगदा पांढरा करतात. तो प्रचंड दाबाखाली यंत्रातून काढला की तंतू सुटे होतात. जाडी ५ ते ५० नॅनोमीटर. आपला केस याच्या हजारपटीहून जाड. या कामाला वीज फार लागते. टोकियो विद्यापीठाचे अकिरा इसोगाई आणि सहकाऱ्यांनी आधी रासायनिक प्रक्रिया करून ती बरीच वाचवली. त्यासाठी त्यांना २०१५ चा मार्कस वॉलेनबर्ग पुरस्कार मिळाला. मुंबईत माटुंग्याच्या 'सिरकॉट' या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनेही नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक प्रकल्प उभारला आहे.

फिल्म मजबूत का होते?

मातीच्या भिंतीला लिंपताना आपण भुसा कालवतो. माती तडकू लागली की काड्या ती धरून ठेवतात. इथंही तसंच. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल (पीव्हीए) किंवा स्टार्चच्या द्रावणात तंतू सहज मिसळतात, कारण दोघांनाही पाणी मानवतं. सुकताना तंतूंचं जाळं तयार होतं आणि ताण सगळीकडं वाटला जातो. एक ते पाच टक्के तंतूही पुरतात. जास्त घातले तर गुठळ्या होतात आणि फिल्म तिथंच फाटते.

मग अडलंय कुठं?

पहिली अडचण वाहतुकीची. तंतू खळीसारख्या जेलमध्ये मिळतात. दोन टक्क्यांचं जेल असेल तर १०० किलोत माल २ किलो, पाणी ९८ किलो. भाडं पाण्याचंच! वाळवून न्यावं तर तंतू एकमेकांना घट्ट चिकटतात, परत नीट सुटत नाहीत.

दुसरी अडचण पावसाळ्याची. हवा दमट झाली की तंतू आणि पीव्हीए दोन्ही ओलावा ओढतात, फिल्म मऊ पडते. सायट्रिक आम्लानं रेणू जोडणं, वरून मेणाचा थर देणं असे उपाय आहेत, पण प्रत्येक उपायाचा खर्च वाढतो.

तिसरी गोष्ट हिशोबाची. चिपाड फुकट नाही. कारखाने तेच जाळून बॉयलर चालवतात, वीज विकतात.

दुकानदार आणि शेतकऱ्यांसाठी

३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिक पिशव्यांवर देशभर बंदी आहे. कंपोस्टेबल पिशवीला जाडीची अट नाही, पण उत्पादकाकडं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. 'उसापासून बनवलेली' एवढं छापलं म्हणून पिशवी कायद्यात बसत नाही. पीव्हीएसुद्धा पाण्यात विरघळतं म्हणजे लगेच कुजतं असं नव्हे. त्याला योग्य जिवाणू लागतात.

त्यामुळं उद्या कुणी असा प्रकल्प घेऊन गावात आलं, तर पैसे गुंतवण्याआधी तीन गोष्टी विचारा: तंतू ओले येणार की वाळलेले? दमट हवेतली चाचणी कुठं आहे? प्रमाणपत्र कुणाच्या नावावर आहे? उत्तरं कागदावर मिळाली तरच पुढची बोलणी करा.